पंधरा लाख देणाऱ्या शेठजींची अट होती आईच्या नावाची. अण्णा कर्व्यांनी ती का मान्य केली?

भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या मराठी शाळेत जा आणि मान वर करून पंख्याकडे बघा. तीन पाती असतात. एकावर देणाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ, तिसऱ्यावर गावाचं नाव. पंखा फिरायला लागला की यातलं काहीच वाचता येत नाही. लाइट गेली की सगळं नीट वाचता येतं. आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे तिकडच्या माणसाला सांगायला नको.

मागे एकदा त्या भागातल्या एका गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघायला मिळाला. शाळेचे पत्रे गळत होते. शाळा व्यवस्थापन समितीने मेसेज टाकला होता, पुण्या-मुंबईतल्या गावकऱ्यांनी मदत करावी. निळ्या टिका भरपूर, उत्तर एकाचंही नाही. त्यातल्या एका व्यावसायिकाशी बोलणं झालं. पुण्यात दोन दुकानं, पैशाला कमी नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकदा दिले की नाव यादीत चढतं, मग सप्ताह असो, जत्रा असो, पहिला फोन आपल्यालाच. बरं, दिल्यावर पत्रे बसले का ते कुणी सांगत नाही. आणि नाही दिले तर गावात तोंड दाखवायची चोरी.

म्हणजे मागणाऱ्याला वाटतं श्रीमंताला पैशाचं काय, आणि श्रीमंताला वाटतं लोकांना आपल्यात फक्त पैसाच दिसतो. ही कोंडी आजची नाही. महाराष्ट्रात एक माणूस साठ वर्षांहून जास्त काळ शाळांसाठी लोकांसमोर हात पसरत होता. त्याला या कोंडीतून वाट काढता आली. पण ती वाट फुकट मिळाली नाही, तिची किंमत त्याला आणि इतरांनाही मोजावी लागली.

ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. पुण्यातल्या कर्वे रोडचे आणि कर्वेनगरचे कर्वे. वेल्ह्याकडून पुण्यात येऊन ज्या भागात कितीतरी कुटुंबं भाड्याने राहतात, त्या भागाला हे नाव का मिळालं ते पुढे येईलच.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा. त्यांचं गाव दापोली तालुक्यातलं मुरूड. घरची परिस्थिती बेताची. सतरा वर्षांचे असताना सहावीची सरकारी परीक्षा द्यायला ते मित्रांसोबत मुरूडहून साताऱ्याला चालत निघाले. शंभराहून जास्त मैल, पावसात, कुंभार्ली घाट चढून. चार दिवसांनी पोचले तर परीक्षा समितीच्या साहेबाने त्यांच्याकडे बघितलं, पोरगा सतराचा दिसत नाही म्हणाला आणि परत पाठवलं. ज्याच्या हातात देणं आहे त्याचा एका नजरेतला निकाल काय असतो, हे त्यांनी असं कोवळ्या वयात बघितलं. पुढे आयुष्यभर शेकडो दारांवर हाच अनुभव यायचा होता.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८८४ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले. शिकवण्या करून पोट भरत होते. त्याच काळात त्यांनी मुरूड फंड नावाची गोष्ट सुरू केली. गावाबाहेर नोकरीला असलेल्या मुरूडकरांनी मिळकतीतला थोडा वाटा काढायचा आणि तो गावाच्या कामाला लावायचा. आज भोर-वेल्ह्यातल्या गावांची जी मुंबईकर मंडळं, पुणेकर मंडळं असतात ना, तीच आयडिया. यात एक मेख होती. ठरलेला छोटा वाटा सगळेच देत असतील तर कुणा एकाकडे बोट दाखवून तू दे म्हणायची वेळ येत नाही. मागणं वैयक्तिक राहत नाही आणि त्यामुळे नकोसं होत नाही.

१८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई गेल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं आणि ११ मार्च १८९३ ला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे आनंदीबाई, पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे. मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावात सख्ख्या आईच्या घरी उजळ माथ्याने राहता येईना.

तर झालं असं, की यानंतर तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, या बहिष्कृत माणसाने विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आता विचार करा. पैसे मागायचे कुणाकडे? ज्यांच्याकडे पैसे होते त्यातल्या बहुतेकांना विधवेचं लग्न म्हणजे अधर्म वाटत होता, आणि समोर मागायला उभा माणूस तोच अधर्म करून बसलेला.

कर्व्यांनी सुरुवात स्वतःच्या खिशापासून केली. आपली बचत आश्रमाला दिली, पुढे आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून टाकली. बाहेरच्यांना हे थोर वाटलं, घरी बायांना संताप आला. पोरांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. बायांनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात घरची ही बाजू लिहून ठेवली आहे. वसंत कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’ हे नाटक याच संसारावरून सुचलेलं. पण देणगीदारांच्या बाजूने बघितलं तर या गोष्टीचा परिणाम मोठा होता. समोरच्याने आधी स्वतःचं सगळं घातलंय हे दिसल्यावर आपल्याला लुबाडायला आलाय ही शंका उरत नाही.

सुट्टी लागली की प्राध्यापक महाशय वर्गणीच्या दौऱ्यावर निघायचे. भाषणात आग वगैरे काही नव्हती. बोलणं हळू, स्वभाव भिडस्त, वेश साधा. कुणी अपमान केला तरी वाद घालायचे नाहीत. नाही म्हटलेल्या माणसाबद्दल मनात अढी ठेवायची नाही, आणि त्यामुळेच त्या माणसाकडे दोन वर्षांनी परत जाता यायचं. मिळालेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवायचा आणि तो अहवालात छापायचा. वरच्या दोन दुकानांच्या मालकाची तक्रार आठवा, पत्रे बसले का ते कुणी सांगत नाही. कर्व्यांनी ती तक्रार करायला जागाच ठेवली नाही.

आश्रम आधी पुण्यातच होता. प्लेग आला तेव्हा तो शहराबाहेर हलवायची वेळ आली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. हिंगणं तेव्हा पुण्यापासून चार मैलांवर, वाटेत झाडी आणि चिखल. कॉलेज संपलं की कर्वे चालत हिंगण्याला जायचे आणि सकाळी परत. हेच हिंगणे बुद्रुक म्हणजे आजचं कर्वेनगर. तिथे आता गुंठ्याचा भाव काय चाललाय ते बघितलं तर गोखल्यांच्या सहा एकरांचा आकडा काढायची भीती वाटते.

इथे जरा थांबायला हवं, कारण कर्व्यांवरच्या पोस्टमध्ये पुढचा भाग सहसा गाळला जातो.

लोकांचा पैसा आणि सहानुभूती मिळवायची म्हणून कर्व्यांनी आश्रमाला पुनर्विवाहापासून लांब ठेवलं. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केलं, त्याच्या आश्रमात फक्त शिक्षण दिलं जाईल, लग्नाचा प्रचार होणार नाही, असं धोरण ठरलं. सुधारकांना ही माघार वाटली. सनातन्यांना ते तरीही पुरेसं वाटलं नाही. याहून टोचणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या काळात आश्रमात प्रवेश ब्राह्मण मुलींनाच होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाक्का हिला तिथे शिकता यावं म्हणून खटपट केली, पण प्रवेश मिळाला नाही. पाठीशी असलेला समाज हे खपवून घेणार नाही, संस्था कोलमडेल, हा त्यामागचा हिशेब.

हिशेब बरोबर असेलही. संस्था टिकली हे खरंच आहे. पण देणाऱ्याला काय वाटेल याची काळजी घेता घेता दारातून कुणाला परत पाठवलं गेलं, हेही तितकंच खरं आहे. सातारच्या परीक्षेत परत पाठवलेल्या पोराच्या हातून हे व्हावं, हे वाचताना मला तरी त्रास होतो. देणगीची पावती फाडली जाते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला असंही काही लिहिलेलं असतं.

आश्रम वाढत गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं. वर्गणी गोळा करणाऱ्यांत आता बायकाही होत्या. बायांच्या बहीण पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरून आश्रमासाठी बोलायच्या, पैसे जमवायच्या. इंग्रजी शिकायचं म्हणून त्या १९१८ मध्ये चक्क अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला पाहिजे.

१९१५ मध्ये कर्व्यांच्या हातात जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. त्यांनी ती वाचली आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ठरवलं की आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं. त्याच वर्षअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूही केलं. पहिल्या कॉलेजात विद्यार्थिनी होत्या पाच. सरकारी मान्यता नाही, अनुदान नाही, पदवीला बाजारात किंमत नाही. अशा गोष्टीला पैसे द्या म्हणून सांगायचं तरी कसं?

आणि मग आले सर विठ्ठलदास ठाकरसी.

ठाकरसी म्हणजे मुंबईतले मोठे गिरणीमालक. सहकारी बँकेच्या कामातही पुढे. जगाच्या प्रवासात ते जपानला गेले आणि तिथलं महिला विद्यापीठ त्यांनी स्वतः बघितलं. म्हणजे कर्व्यांनी जे पुस्तिकेत वाचलं होतं ते शेठजींनी डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे कर्व्यांना त्यांना काही पटवून द्यायचं फारसं उरलं नव्हतं. १९२० मध्ये ठाकरसींनी देणगी जाहीर केली, पंधरा लाख रुपये. त्या काळचे पंधरा लाख.

पण ही रक्कम पोत्यात भरून हातात दिली नव्हती. साडेतीन टक्क्यांनी तिचं जे व्याज होतं, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये, ते विद्यापीठाला मिळणार होतं. सोबत अटी होत्या. विद्यापीठाला आपल्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव द्यायचं. आणि सोयीचं होईल तेव्हा मुख्यालय पुण्याहून मुंबईला न्यायचं.

कर्व्यांनी मान्य केलं. एसएनडीटी या चार अक्षरांमागची गोष्ट ही अशी आहे. संस्थापक कर्वे, पण नावात कर्वे कुठेच नाहीत.

मान्य का केलं? एक तर उघड कारण, पाच मुलींवर सुरू झालेल्या विद्यापीठाला दरवर्षी हमखास पैसे मिळणार होते आणि कर्व्यांना दर सुट्टीत झोळी घेऊन फिरणं थोडं कमी करता येणार होतं. दुसरं असं, की नावाची अट त्यांना अपमान वाटली नसावी. बायकांच्या विद्यापीठाला एका बाईचं नाव, त्यात गैर काय? देणारा माणूस नुसता पैसा देत नाही, त्याला त्यात आपलं कुणीतरी ठेवायचं असतं. पंख्याच्या पात्यावर ‘स्मरणार्थ’ लिहिणाऱ्याला आपण हसतो, पण त्याची आईही त्या शाळेच्या समोरच्या शेतात राबलेली असू शकते.

याची दुसरी बाजू कर्मवीर भाऊराव पाटलांच्या एका किश्श्यात दिसते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचं नाव बदललं तर मोठी रक्कम द्यायला एक धनिक तयार होता, आणि कर्मवीरांनी ती साफ धुडकावली, असं सांगितलं जातं. दोघंही आयुष्यभर शाळांसाठी मागत फिरले. पण एकाकडे दिलेलं नाव काढून दुसरं लावायला सांगितलं होतं, दुसऱ्याकडे देणाऱ्याच्या आईचं नाव लावायला. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. नाव काय आहे यापेक्षा ते कशाच्या बदल्यात मागितलंय हे बघावं लागतं.

अटींचा काच पुढे जाणवलाच. विठ्ठलदास १९२२ मध्ये वारले. ज्याने मनापासून दिलं तो माणूस गेला आणि कागद उरला. अटींवरून विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात वाद झाला, काही काळ पैसे थांबले. शेवटी तडजोड झाली आणि १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं. एकाच मोठ्या देणगीदारावर भिस्त ठेवली की काय होतं ते विद्यापीठाने तेव्हा अनुभवलं. पण हेही सांगायला हवं की विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई या कामातून बाजूला झाल्या नाहीत. १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याने दर्जा मिळाला तेव्हा पहिल्या कुलगुरू त्याच होत्या. म्हणजे देणगीदाराच्या घराला नुसता फलक नको होता, कामात वाटा हवा होता, आणि तो मिळाला.

दरम्यान कर्वे काही घरी बसले नव्हते. मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तरीला टेकलेले असताना, ते परदेशी निघाले. इंग्लंड, डेन्मार्कमधली शिक्षण परिषद, जर्मनी, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट झाली. परत आले आणि १९३० च्या अखेरीस आफ्रिकेला गेले, कारण तिथे पैसेवाले भारतीय व्यापारी होते. त्यांचा मुलगा शंकर मोंबासाला डॉक्टर होता. केनिया, युगांडा, झांझिबार ते दक्षिण आफ्रिका असं फिरून विद्यापीठासाठी निधी जमवला. त्या व्यापाऱ्यांनी हिंगणं कधी बघितलं नव्हतं, बघण्याची शक्यताही नव्हती. त्यांनी समोरच्या म्हाताऱ्याकडे बघून पैसे दिले.

आणि आता ती गोष्ट जी भोर-वेल्ह्याच्या माणसाला सगळ्यात जवळची वाटेल.

तेव्हा हा सगळा भाग भोर संस्थानात होता. पंतसचिवांचं राज्य, तालुक्यांना नावं किल्ल्यांची, राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. शाळा हवी तर दरबाराकडे बघायचं. शेजारच्या ब्रिटिश मुलखात लोकल बोर्ड होतं, पण बोर्डाची शाळा प्रत्येक वाडीपर्यंत पोचलेली नव्हती. डोंगरातल्या पाचपन्नास घरांच्या गावात शिक्षक पाठवणं कुणालाच परवडत नव्हतं.

१९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी अशा बिनशाळेच्या गावांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्यांच्या एका शब्दावर पंधरा लाखांची संस्था चालली होती, ते कर्वे पुण्याच्या गल्ल्यांमधून घरोघरी फिरून लहान लहान वर्गणी गोळा करायला लागले. आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधूनही ते दर महिन्याला यासाठी रक्कम काढायचे. या वेळी त्यांनी एखादा ठाकरसी शोधला नाही. चार पैसे देणाऱ्याला परत परत मागता येतं, तोही कंटाळत नाही, कारण त्याच्यावर सगळी शाळा टेकलेली नसते. मुरूड फंडाचीच ही पुढची आवृत्ती, पन्नास वर्षांनंतरची.

१९४४ मध्ये त्यांनी समता संघ काढला, जातिभेदाच्या विरोधात. जनाक्काला परत पाठवलं त्याची ही भरपाई होती का, हे आपण ठरवू नये. पण शहाऐंशीव्या वर्षी तिथपर्यंत ते आले होते.

१९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये वयाची शंभरी आणि भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ ला, एकशे चार वर्षांचे असताना, कर्वे गेले.

हिंगण्याच्या संस्थेची एक पद्धत मात्र त्यांच्या हयातीतच रुजली होती. दिवाळीच्या सुमारास संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन भाऊबीज मागतात. देणगी नाही, वर्गणी नाही, ओवाळणी. बहिणीने मागितलेली ओवाळणी द्यायला कुणाला लाज वाटत नाही आणि मागायलाही नाही. बंगल्यातला माणूस आपल्या ऐपतीने देतो, चाळीतला आपल्या. पावती दोघांनाही तशीच मिळते.

त्या गावचे पत्रे, विचाराल तर, अजून बसायचे आहेत. ग्रुपवर आता नवा मेसेज आलाय. या वेळी समितीने रक्कम घरटी ठरवून टाकली आहे, आणि खाली मागच्या वर्षीच्या रंगकामाचा हिशेब फोटोसकट जोडलाय. दोन दुकानांच्या मालकाने त्याखाली अंगठा दाखवला आहे. पैसे पाठवलेत का ते अजून कळलेलं नाही.